चेन ताठ की ढिली? काळ्या रानात पोकलेन चालवणाऱ्यांनो, बोला

कृष्णाकाठ
माझी वीस टनी पोकलेन आहे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चेनींवर चालणारं खोदाईचं मशीन. काम बहुतेक वाळवा-पलूस पट्ट्यात: चर, शेततळी, मळीच्या रानाची लेव्हल. परवा फिटर आला आणि दोन्ही बाजूंना ग्रीस मारून (ग्रीसच्या दाबानं आयडलर, म्हणजे चेनीचं पुढचं चाक, पुढं सरकतं) चेन अशी ताणली की वरून हातोडी मारली तर टणटण वाजावी. वर म्हणाला, "आता सहा महिने बघायचं काम नाही." त्याच संध्याकाळी मी दोन्हीकडचं ग्रीस थोडं सोडलं. आता फिटर नाराज आणि ऑपरेटर त्याहून नाराज.

माझं मत: काळ्या रानात चेन ढिलीच पाहिजे. ओली माती स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांत आणि रोलरवर थापून बसते. चेनीची लांबी आहे तेवढीच, पण तिला वळसा मोठा पडतो. सकाळी बरोबर वाटलेली चेन दुपारी तारेसारखी होते. रात्रभर मशीन उभी राहिली की ती माती विटेसारखी वाळते, आणि सकाळी पहिल्या वळणाला जो कडाकडा आवाज येतो तो माझ्या पिन-बुशच्या (चेनीच्या कड्या जोडणारी खीळ आणि तिच्यावरची नळी) पैशांचा आवाज असतो. डिझेलही जास्त जातं. चेन फिरवण्यातच इंजिनची ताकद जिरते.

माणदेशी_ब्रेकर
दादा, तुमचं रान लोण्याचं. आमच्या म्हसवडकडं या. वीतभर मुरूम, खाली पाषाण. ढिली चेन घेऊन उतारावर जागच्या जागी मशीन फिरवा, मग बोलू. गेल्या उन्हाळ्यात ओढ्याच्या कडेला माझी चेन आयडलरवरून उतरली. ग्रीस सोडून आयडलर मागं ढकलला, पहारी लावल्या, दोन माणसं घामाघूम, तरी अर्धा दिवस गेला. तासाचं भाडं कोण देणार? तवापासून मी ताठच ठेवतो. बुश झिजली तर झिजू दे, मशीन ओढ्यात आडवी नको.

कृष्णाकाठ
खडकातलं मान्य. पण माझा फिटर खडकातला नियम काळ्या रानात लावतोय, तक्रार तेवढीच आहे.

हिशेबवाली
मी मशीन चालवत नाही, घरच्या दोन मशीनचे हिशेब ठेवते. त्यामुळे थोडं कडू बोलते. चेन उतरली तर शिव्या ऑपरेटरला, बुश झिजली तर बिल मालकाला. ऑपरेटर चेन ताठ का ठेवतो हे समजायला इंजिनिअर लागत नाही. त्याच्या पाळीत उतरू नये, बस्स. आणि माणदेशी भाऊ, "झिजली तर झिजू दे" हे वाक्य चेन, रोलर, स्प्रॉकेट एकदम बदलायचं कोटेशन हातात घेऊन म्हणून दाखवा.

माणदेशी_ब्रेकर
ताई, मालक बी मीच आणि ऑपरेटर बी मीच 🙂 शिव्या बी मलाच, बिल बी मलाच.

जुना_फिटर
तुम्ही दोघं भांडताय, पण टेप कुणीच लावलेली दिसत नाही. टणटण वाजणं हे माप नव्हे.

वरचा भाग चेनींना आडवा फिरवा, बकेटची गोल पाठ जमिनीवर दाबा आणि एक बाजू उचला. फ्रेमखाली ठोकळे लावल्याशिवाय जवळ जाऊ नका. लटकलेली चेन पुढं-मागं फिरवून माती झाडा. मग मधोमध फ्रेमच्या खालच्या कडेपासून चेनीच्या प्लेटपर्यंत झोळ मोजा. वीस टनी काही मशीनच्या पुस्तकात हा आकडा ३०० ते ३३५ मिमी आहे. काही कंपन्या मशीन जमिनीवर ठेवूनच मोजायला सांगतात: आयडलर आणि वरचा रोलर यांवर सरळ पट्टी ठेवायची, खाली १० ते ३० मिमी फट दिसली पाहिजे. आपल्या मॉडेलचं पुस्तक बघा, शेजाऱ्याच्या मशीनचा आकडा लावू नका. चिखलात झोळ वाढवायला पुस्तकंही सांगतात, तेवढ्यापुरते कृष्णाकाठ बरोबर आहेत. पण रान बदललं की माप परत घ्यायचं. सहा महिने बघू नको म्हणणारा फिटर मी तरी कामावर ठेवला नसता.

दुसरं, ग्रीस सोडताना व्हॉल्व्ह एका फेऱ्याच्या वर फिरवू नका आणि तोंड समोर आणू नका. आत दाब भयंकर असतो. एका साइटवर व्हॉल्व्ह पूर्ण सोडलेला मी पाहिलाय. तो उडून समोरच्या पत्र्यात घुसला. माणूस बाजूला होता म्हणून वाचला. तेव्हापासून पोरं शिकायला आली की आधी कुठं उभं राहायचं ते शिकवतो, पाना नंतर हातात देतो.

कृष्णाकाठ
काका, मग बुश झिजते ती ताणानंच ना?

जुना_फिटर
ताणानं, आणि उलटं चालवण्यानं. स्प्रॉकेट मागं ठेवून पुढं गेलात की ओढ चेनीच्या खालच्या भागावर येते. उलटं गेलात की ओढ वरून, आयडलरला वळसा घालून येते आणि बुश भाराखाली दातावर घासते. त्यात चेन ताठ असेल तर विचारूच नका. तुमचा ऑपरेटर चरावर दिवसभर कसा सरकतो ते एकदा बांधावर बसून बघा.

माणदेशी_ब्रेकर
माझा आयडलर पुढं पार टोकाला आलाय, ग्रीस मारून बी चेन ढिलीच. एक कडी काढावी म्हणतोय.

जुना_फिटर
काढू नका. पिन-बुश झिजून कडी-कडीतलं अंतर वाढलंय. कडी काढल्यानं लांबी कमी होईल, अंतर तेच राहील. बुश दाताच्या तळाशी बसणार नाही, वर चढेल आणि नवा स्प्रॉकेटही खाईल. आता पिन-बुश फिरवून, म्हणजे न झिजलेली बाजू कामाला आणून, घेण्यासारखं आहे का, ते मोजून घ्या.

हिशेबवाली
कोटेशन मागवा भाऊ.

कृष्णाकाठ
आज सकाळी टेप लावली. माती काढायलाच पाऊण तास गेला. पुस्तकात ३०० ते ३३५ आहे. उजवी ३२०, डावी ३९०. परवा दोन्हीकडचं ग्रीस अंदाजानं सारखंच सोडलं होतं. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

माणदेशी_ब्रेकर
म्हणजे डावी उतरायच्या बेतात होती की! बसा आता ग्रीस गन घेऊन.