वर्गात असताना लक्ष वर्गातच कसं ठेवायचं?

डोंगरवाडी

नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहिते पहिल्यांदाच.

सातारा जिल्ह्यात पाटणच्या डोंगराकडे एका वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे मी अकरा वर्षं शिकवते. दोनशिक्षकी शाळा, पट २३. पहिली आणि तिसरी माझ्याकडे, दुसरी-चौथी सरांकडे. आमच्या वर्गात रेंज फक्त खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात येते, म्हणून फोन तिथे उभा करून ठेवलेला असतो. माझं अर्धं लक्षही तिथेच असतं.

गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. तिसरीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी उभी राहून वाचत होती. आईवडील दोघं दिवसभर कामावर, घरी वाचून घेणारं कुणी नाही. तिचं वाचन जे काय व्हायचं ते माझ्यापाशीच. 'आश्चर्य' या शब्दाशी अडली. 'श्च'खाली बोट ठेवून आधी 'आश' म्हणाली, मग 'आशच', मग नुसते ओठ हलवत राहिली. अशा वेळी बाईंनी गप्प बसायचं असतं. थोडा वेळ दिला की मूल स्वतः तो शब्द सोडवतं आणि मग कधी विसरत नाही. तेवढ्यात खिडकीत फोन थरथरला. ग्रुपवर 'तात्काळ' म्हणून माहिती मागवली होती, आधार नोंदणी झालेल्या आणि राहिलेल्या मुलांची संख्या. मागच्याच आठवड्यात दिलेली. मी उठले, आकडे टाकले, वळले, तर पोरीने पुस्तक मिटून छातीशी धरलेलं. म्हणाली, "मॅडम, तुमचं झालं की येते." आणि जागेवर जाऊन बसली.

तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. तिला सवय झाली होती.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून एका वहीत शाळेच्या वेळेत फोन हातात घेतला की एक रेघ ओढायला लागले. सोमवारी १९, मंगळवारी २६, बुधवारी रेंज गेली होती म्हणून ८. घड्याळ लावून पाहिलं तर रोजची ४० मिनिटं जातात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं धरलंय. रोजच्या ४० मिनिटांनी २०० दिवसांचे १३३ तास होतात. सहावा हिस्सा! माझ्या पोरांच्या ताटातला सहावा हिस्सा मी रोज काढून घेते, असंच वाटलं मला.

सगळा दोष ग्रुपांचा नाही, हेही लिहिते. पोषण आहाराची नोंद करायला फोन उचलते आणि भाचीच्या डोहाळजेवणाचे फोटो बघत बसते. पण केंद्राचा (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा), तालुक्याचा, पालकांचा, संघटनेचा, बीएलओचा (मतदार यादीच्या कामाचा) असे ग्रुप आहेत आणि त्यातून बाहेर पडणं माझ्या हातात नाही. फोन कपाटात टाकून कुलूप लावा, हा सल्ला नोकरीत राहून पाळता येत नाही.

कुणी आपल्या कामात असं काही बसवलंय का, की काम अडत नाही आणि समोरच्या माणसाला आपण पुरते मिळतो? स्वतः करून पाहिलेलं सांगा. मन खंबीर करा असं कृपया कुणी सांगू नका, ते मी रोजच करते.

जुना खडू

ताई, ३४ वर्षं शिकवून निवृत्त झालो. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आमच्या वेळी टपाल केंद्रशाळेत जमायचं आणि शनिवारी कुणीतरी घेऊन यायचं. मागणी तेव्हाही कमी नव्हती, पण ती ठरल्या वारी यायची. तुमच्याकडे तीच मागणी दिवसभर ठिबकते आहे. तेव्हा वेळ ठरवून घ्या. खिचडीच्या सुट्टीत एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा. मधे नाही.

आता हे पेलायचं कसं, तर माहिती वही. मी शेवटची दहा वर्षं ही वही ठेवली आणि तिने मला तारलं. दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), स्थापना, खोल्या, शौचालयं, पाण्याची सोय, वीजमीटरचा नंबर. पुढे इयत्तावार पट, मुलगे-मुली वेगळे, मग प्रवर्गनिहाय. मग आधार, बँक खातं, दिव्यांग मुलं, गणवेशाची मापं, बुटांचे नंबर. दर महिन्याच्या १ तारखेला अर्धा तास बसून पेन्सिलीचे आकडे खोडून नवे लिहायचे. मागणारे तेच तेच मागतात, नुसता तक्ता बदलतो. दोन पानं उलटली की उत्तर तयार. तात्काळ माहितीची धास्ती निम्मी तिथेच जाते, आणि धास्ती गेली की खिडकीकडे बघावंसं वाटत नाही.

आणखी एक. ठरवलेल्या वेळा केंद्रप्रमुखांना आपण होऊन सांगा. माहिती नाकारता आहात असं वाटता कामा नये. "साहेब, दीडला आणि पाचला नक्की मिळेल" असं म्हणा आणि ते तंतोतंत पाळा.

बग शोधतो

मॅडम, मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. क्षेत्र वेगळं, दुखणं तेच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांनी कामावरच्या माणसांचं लक्ष वर्षानुवर्षं मोजलं आहे. २००४ च्या सुमारास माणूस स्क्रीनवरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडच्या मोजणीत ४७ सेकंद. मला जास्त लागलं ते दुसरंच. बाहेरून कुणी मोडता घालतं जवळजवळ तितक्याच वेळा माणूस स्वतःचं स्वतःच काम मोडतो. तुमच्या डोहाळजेवणाच्या फोटोंचं हेच आहे. दिवसभर दुसऱ्यांनी उठवलं की आपणच आपल्याला उठवायला लागतो, माझ्या बाबतीत अगदी असंच झालं होतं.

आता करण्यासारखं. व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे कामाचे ग्रुप कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. ग्रुप सोडायची गरज नाही, कुणाला कळतही नाही. फोनला 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि त्यात केंद्रप्रमुख, सर आणि घरचे एवढ्यांचेच कॉल वाजू द्या. 'रिपीट कॉलर' हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे इतर कुणी १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तरच वाजेल. खरोखर अडलेला माणूस दुसऱ्यांदा करतोच.

कडेगावकर

बाई, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाबद्दल पेपरात वाचलं असेल. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजला की चालू. गावातल्या बायकांनीच हे उचलून धरलं आणि ग्रामसभेत ठरलं. सुरुवातीला लोक विसरायचे, तेव्हा आशाताई, अंगणवाडीच्या बाई, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगायचे.

माझी बहीण त्या बाजूला दिलेली आहे. ती म्हणते, पोरांना अभ्यासाला बस म्हणायच्या आधी आपण हातातलं खाली ठेवावं लागतं, भोंगा मोठ्या माणसांनाही तितकाच वाजतो. एकट्या घराने हेच केलं असतं तर चार दिवस टिकलं नसतं.

म्हणून सांगतो, तुम्ही एकट्या करू नका. तुमच्या सरांना घ्या, केंद्रातल्या दोन-चार शाळांना घ्या.

सडेतोड

सगळं छान आहे, पण मुळावर कुणी बोलत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचा. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम लावता येत नाही. शिक्षकाने वही ठेवायची, वेळा ठरवायच्या, फोनची सेटिंगं शिकायची आणि मागणारा मात्र तसाच मोकळा, हे मला पटत नाही. आज ताईंनी सोय करून दिली की उद्या त्या सोयीवर आणखी तीन तक्ते येतील. संघटनेने लेखी मागणी करावी, की शाळेच्या वेळेत माहिती मागवू नये.

जुना खडू

कलम बरोबर आहे आणि मागणीही बरोबर. ती करावीच. पण मागणी मान्य होईपर्यंत तिसरीतली पोर सहावीत जाईल. तिला या वर्षी वाचता आलं पाहिजे.

डोंगरवाडी

महिन्याने लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

वही केली. दोन रविवार गेले. बुटांच्या नंबरांचं पान लिहिताना कळलं की पहिलीतल्या दोन मुलांच्या पायांचं माप मी कधी घेतलंच नव्हतं, मागच्या वर्षीच्या पोरांवरून अंदाजाने लिहिलं होतं. कागदावर बसवून पाऊल आखून घेतलं. सर तयार झाले, शेजारच्या दोन वाड्यांवरच्या शाळाही तयार झाल्या. केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत आम्ही पाच जण मिळून केंद्रप्रमुखांशी बोललो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मलाही वरून दर तासाला विचारतात. दीड आणि पाच या वेळा त्यांनी मानल्या, फारच तातडीचं असेल तर ते स्वतः फोन करणार.

फोन आता ऑफिसच्या खोलीतल्या खिडकीत असतो. पहिले चार दिवस मी वर्गातल्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते. रेघा आता दिवसाला ५-६ वर आल्यात.

ती मुलगी रोज परिपाठ झाला की दहा मिनिटं माझ्यापाशी वाचते. 'आश्चर्य' त्याच आठवड्यात सुटला. काल 'ज्योत्स्ना' आला. बराच वेळ लागला तिला. मागे पहिलीची पोरं दंगा करत होती, तरी मी हलले नाही. सुटल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, मी खरंच ऐकत होते का ते बघायला, आणि पान उलटलं.

सगळंच सुरळीत नाही. गेल्या गुरुवारी तालुक्याहून अकराला यादी मागवली, बाराच्या आत हवी होती. कुणी फोन केला नाही. मी दीडला पाहिली. आता माझ्याकडून लेखी खुलासा मागवलाय, सोमवारी द्यायचा आहे. अकरा ते बारा मी वर्गात शिकवत होते असं सरळ लिहिणार आहे, तेच खरं आहे. सडेतोड, त्यात कलम २७ चा उल्लेख करावा का, की नुसतं तासिकांचं वेळापत्रक जोडावं? खुलाशांचा अनुभव असलेल्या कुणीही सांगा, रविवारी रात्री लिहायला बसणार आहे.