पोटाचं, छातीचं ऑपरेशन केलेल्यांनो, अनुभव लिहा ना

सातपूरकरीण:
काल कपाट आवरताना तो घट्ट पट्टा सापडला आणि सगळं आठवलं. दोन बाळंतपणं, मग दोन वर्षांत ३१ किलो उतरवले पण पोटाची कातडी नुसती लोंबायची, उन्हाळ्यात घडीखाली चिघळायचं, पावडरी लावून जीव मेटाकुटीला आलेला. शेवटी टमी टक केलं. जादाची कातडी काढली आणि बाळंतपणात फाकलेले स्नायू आतून शिवले. दोन नळ्या आठवडाभर होत्या, त्यातलं पाणी सासूबाई सकाळ-संध्याकाळ मोजायच्या आणि दुधाच्या वहीत तारखेसमोर एमएल लिहायच्या. ती वही मी जपून ठेवलीय. 'नटायचे धंदे' म्हणतात लोक, त्यांना कळू दे.

पंचवटीकर_२:
माझं छातीचं. नववीपासून. आजोबांच्या दहाव्याला रामकुंडावर शर्ट काढायला सांगितला, मी टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात उभा, काका सगळ्यांदेखत ओरडले. गायनेकोमास्टिया निघालं, निप्पलखालची ग्रंथी वाढलेली, ती काही जोर मारून जात नाही. चरबी नळीने ओढली, ग्रंथी वेगळी कापून काढली. वर्षश्राद्धाला घाटावर उघड्या अंगाने बसलो.

निफाडची_लेक:
दादा वाचून रडूच आलं रे

मोगरा:
ताई पट्टा मेनरोडला मिळेल का, बहिणीचं पुढच्या महिन्यात आहे

सातपूरकरीण:
मोगरा, माप डॉक्टरांकडूनच घे गं. आणि दोन घे, एक धुवायला. माझा सहा आठवडे रात्रंदिवस होता

काका_गंगापूररोड:
मला लायपोला, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायला, सर्जननी नाही म्हटलं आणि त्यांचे उपकार मानतो. पोट टणक, चिमटीत काही येत नाही, म्हणजे चरबी आत आतड्यांभोवती, तिथली नळीने काढत नाहीत. लायपो वजन उतरवायला नसतंच, एका वेळी पाच लिटरच्या वर सहसा जात नाहीत. रोज कृषीनगरला चालतो आता, शुगर खाली आली.

अबोली_न:
माझ्या वहिनींची ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी एकच पोटरी सुजली, जिथे केलं तिथे फोन कोणी उचलेना, दुसरीकडे नेलं तर सोनोग्राफीत रक्ताची गुठळी. वाचल्या बाई. म्हणून सांगते दुखलं तरी लवकर उठून चाला, सिगारेट ओढत असाल तर आधीच सांगा, लपवू नका, आणि रात्रीचा नंबर घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

निफाडची_लेक:
बापरे. आता कशा आहेत?

अबोली_न:
बऱ्या आहेत गं, परवा पोरीच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला गेलेलो, तीन तास दुकानात उभ्या होत्या

मोगरा:
येवल्यात कुठे घेतली? आमच्याकडेही डिसेंबरात लग्न आहे