नव्या पोरांसाठी खोटं माहितीपत्रक: 'अंधारशोषक अं-३०' (आकडे तपासून द्या)

रंकाळा_नाइटव्हिजन

मंडळी, पावसाळ्याआधी सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या कामाला नवीन पोरं येतात. त्यांच्या हातात पहिल्या आठवड्यात द्यायला एक खोटं माहितीपत्रक बनवतोय. वाचताना दहा ओळी खऱ्या वाटल्या पाहिजेत आणि अकराव्या ओळीला पोरानं मल्टीमीटर उचलला पाहिजे. 'वायरलेस केबलचं बंडल घेऊन ये' म्हणून लक्ष्मीपुरी बाजारात पिटाळायचा प्रकार आता शिळा झालाय, दुकानदारच विचारतात २.४ गिगाहर्ट्झचं देऊ का ५ चं. मसुदा असा:

तत्त्व: एलईडी उजेड टाकत नाही, अंधार ओढून घेतो. अंधार काढल्यावर जे उरतं त्याला उजेड म्हणतात.
पुरवठा: १२ व्होल्ट डीसी, १ अँपिअर. शोषण पल्ला ३० मीटर.
साठवण: ओढलेला अंधार ३+१ केबलमधून (चित्राची एक कोॲक्स, सोबत तीन साध्या तारा) डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये) जातो. २ टीबीच्या डिस्कमध्ये ८ कॅमेऱ्यांचा ३० रात्रींचा अंधार मावतो.
पुरावा: जुन्या ट्यूबची टोकं काळी पडतात, कारण ट्यूब अंधारानं भरलेली असते.
बिघाड: रात्री कॅमेरा सारखा बंद-चालू होत असेल तर अंधार जड झाला असे समजावे.
इशारा: पिन उलटी जोडल्यास उजेड शोषला जाऊन दुकान भर दुपारी काळोखात जाईल.

कुठं पकडलं जाईल? आणि टेबलावर ठेवायला एखादा चालणारा डबा करायचा तर आत काय घालू?

एसएमपीएस_आण्णा

१ अँपिअर लगेच पकडलं जाईल. ३० मीटर आयआरचा (डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाचा) साधा बुलेट कॅमेरा रात्री ०.४ अँपिअरच्या आसपास घेतो, दिवसा आयआर बंद असताना ०.१५ च्या आसपास. हे दोन्ही आकडे छापा. त्यातच तुमची सगळ्यात भारी ओळ लपलीय, ती म्हणजे 'अंधार जड झाला'. तिच्यामागं खरा हिशोब असा लावता येतो:

तांब्याची ०.२ चौरस मिमीची तार मीटरला साधारण ०.०८६ ओहम. ९० मीटरचं पूर्ण बंडल ओढलं तर जाऊन-येऊन १८० मीटर, म्हणजे १५.५ ओहम. दिवसा ०.१५ अँपिअरला २.३ व्होल्ट पडतात, कॅमेऱ्याला ९.७ मिळतात, चित्र चालू. संध्याकाळी आयआर लागला की ०.४ अँपिअरला ६.२ व्होल्ट पडतात, उरतात ५.८. कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की करंट शून्य, व्होल्टेज परत १२, कॅमेरा उठतो, आयआर लावतो, पुन्हा पडतो. रात्रभर हेच. सकाळी गिऱ्हाईक म्हणणार, 'आता बघा, एकदम ओके चालतोय.'

म्हणून पत्रकात लिहा: 'अंधाराचे वजन प्रति १८० मीटर ६.२ व्होल्ट.' पोरगं हसेल, पण रात्री आयआर चालू असताना कॅमेऱ्याच्या टोकाला मीटर लावायला शिकेल. एसएमपीएसच्या (१२ व्होल्ट पुरवणाऱ्या डब्याच्या) टोकाला मोजून काही कळत नाही, तिथं १२ च दिसणार. उपाय ०.५ चौरस मिमीची वेगळी जोडी (तीच लांबी, २.५ व्होल्ट पडतात, ९.५ उरतात) किंवा कॅमेऱ्याजवळ पुरवठा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या पत्रकावर १२ व्होल्ट अधिक-उणे २५ टक्के असतं, म्हणजे खालची हद्द ९. तांबं चढवलेली ॲल्युमिनिअमची तार असेल तर हे सगळे आकडे आणखी बिघडतात.

शिरोली_केबलवाला

साठवणीची ओळ चुकलीय भावा. विनोदातसुद्धा बेरीज बरोबर पाहिजे, नाहीतर तो विनोद नाही, नुसतं कोटेशन होतं.

एका कॅमेऱ्याचं चित्र ४ एमबीपीएसनं (सेकंदाला ४ मेगाबिट) साठवलं तर सेकंदाला अर्धा एमबी, दिवसाला ४३.२ जीबी. रात्र १२ तासांची धरली तर २१.६. आठ कॅमेरे १७२.८. मग २ टीबीत साडेअकरा रात्री बसतात, ३० नाही. तीस पाहिजेत तर ५.२ टीबी लागेल, म्हणजे ६ ची डिस्क. एच.२६५ वर (चित्र जास्त दाबून साठवायची पद्धत) २ एमबीपीएस ठेवलं तर २ टीबीत २३ रात्री.

दोन ओळी वाढवा. पहिली: '२ टीबीच्या डिस्कवर १८६३ जीबीच दिसतात, उरलेले १३७ जीबी कंपनीच्या गोदामातला अंधार आहे.' (खरं कारण एवढंच की डिस्कवाला हजारानं मोजतो आणि मशीन १०२४ नं.) दुसरी: 'दाट अंधार जास्त जागा खातो.' ही तर चक्क खरी आहे. बिटरेट (सेकंदाला लिहायचा डेटा) व्हेरिएबलवर, म्हणजे चित्राप्रमाणे बदलता असला की काळोख्या चित्रातल्या दाण्यांना रेकॉर्डर हालचाल समजतो आणि जागा उडवतो. आयआर कमी पडणाऱ्या बोळात हे हमखास होतं.

ट्यूबचा पुरावा ठेवा, जुनाच पण टिकाऊ. फिलामेंटवरचा लेप उडून काचेवर बसतो म्हणून टोकं काळी होतात, हे पोराला नंतर सांगा. आयपी (नेटवर्कवर चालणाऱ्या) कॅमेऱ्यांसाठी वेगळी ओळ: 'स्विच १५.४ वॅट सोडतो, कॅमेऱ्याला १२.९५ पोचतात, मधले २.४५ वॅट अंधार.' नेटवर्क केबलवरूनच वीज द्यायच्या ८०२.३एएफ मानकाचे हे खरे आकडे आहेत, फरक केबल खाते.

बीसी५४७_पाटील

डब्याचं सांगतो. हात ठेवला की 'अंधार भरला' असा लाल दिवा लागणारा डबा पन्नास-शंभर रुपयांत होतो.

सामान: ४x४ चा पीव्हीसी जंक्शन बॉक्स, एक एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा), एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक १०० के (किलोओहम) रेझिस्टर, एक १ के, ५ मिमीचा लाल एलईडी, डीसी जॅक. जोडणी: १२ व्होल्टवरून १०० के थेट बेसला. बेस ते एमिटर एलडीआर. एमिटर निगेटिव्हला. १२ व्होल्ट, १ के, एलईडी, कलेक्टर अशी ओळ. सपाट बाजू आपल्याकडं, पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एलईडीतून साधारण १० मिलिअँपिअर जातात, १ के पाव वॅटचा पुरतो.

उजेडात एलडीआरचा रोध कमी, बेसवर ०.६ व्होल्ट जमत नाहीत, दिवा बंद. झाकलं की जमतात, दिवा लागतो. एलडीआर ५ के च्या वर गेला की हा डबा पेटतो. खोली अंधूक असेल आणि दिवा आधीच पेटत असेल तर १०० के काढून २२० के टाका, मग ११-१२ के पर्यंत थांबतो.

नेहमी चुकतं ते इथं: एलईडीचा उजेड आतून एलडीआरवर पडतो. मग दिवा लागला की विझू बघतो, विझला की लागू बघतो, अर्धवट मिणमिणत राहतो. एलडीआरवर काळी हीटश्रिंक नळी चढवा, तोंड डब्याच्या भोकाला टेकवा. मिणमिण राहिली तर तेवढ्यापुरतं 'अंधार उकळतोय' म्हणून खपवता येतं.

पुरवठा टेबलावरच्या ॲडॅप्टरचा घ्या. साइटवरच्या एसएमपीएसला हा डबा लावू नका.

गुजरी_डोम

या धंद्याच्या बाहेर ही परंपरा जुनी आहे. 'टर्बोएनकॅब्युलेटर' नावाचं काहीच न करणारं यंत्र १९४४ मध्ये ब्रिटनमधल्या विद्यार्थी-इंजिनिअरांच्या नियतकालिकात छापून आलं. १९७२ मध्ये सिग्नेटिक्सनं 'फक्त लिहिता येणारी मेमरी' म्हणून २५१२० चं पत्रक काढलं. त्यात एक आलेख होता: सॉकेटमध्ये किती वेळा घातलं की किती पाय शिल्लक राहतात. आपल्याकडं तसली मेमरी घरोघरी आहे. डिस्क मेलेला डीव्हीआर, वर दिवा लुकलुकतोय, प्लेबॅक कुणी उघडून बघितलेला नाही. पासवर्ड विसरलेला डीव्हीआरही त्याच जातीचा.

नेटवर्कवाल्यांची १ एप्रिलची कागदपत्रंही जोडा. १९९० चं आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा कागद) ११४९ म्हणजे कबुतरांवरून इंटरनेट. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनमध्ये खरंच करून बघितलं: ९ पॅकेट सोडली, ४ उत्तरं आली, सगळ्यात जलद उत्तराला ५३ मिनिटं. आपला हिशोब कोल्हापूर ते पन्हाळा लावा. २० किलोमीटर, कबूतर ताशी ६०, पायाला १ टीबीचं मायक्रोएसडी. २० मिनिटांत १ टीबी म्हणजे ६.७ जीबीपीएस. इथं पोराला अडवायचं: कार्डवर लिहायला किती वेळ? सेकंदाला १०० एमबीनं १०,००० सेकंद. ते धरलं की वेग ७१४ एमबीपीएसवर येतो, पलीकडं उतरवून घ्यायचं अजून बाकीच. क्लाउड बॅकअप विकताना अपलोडचा वेग विसरणाऱ्यांसाठी हे गणित आहे.

२००३ चं आरएफसी ३५१४ तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखं: हल्ला करणाऱ्यानं पॅकेटमधला 'दुष्ट बिट' १ करावा, फायरवॉलनं तो बघून अडवावं. अलार्मच्या कीपॅडवर 'मी चोर आहे' असं बटण काढलं की झालं. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड तसाच ठेवून पोर्ट उघडे सोडणारे याच भरवशावर असतात.

गुजरीतल्या सराफांच्या काचांसाठी एक बिघाड वाढवा: 'काच अंधार परत फेकते, चित्र पांढरे होते.' शोकेसच्या काचेआड आयआर चालू ठेवला की तो काचेवर आपटून लेन्समध्येच येतो. आयआर बंद करा, आत दिवा ठेवा, नाहीतर कॅमेरा काचेच्या पुढं आणा. पावसाळ्यात कोळ्याचं जाळं लेन्ससमोर आलं तरी तोच पांढरेपणा, तेव्हा आधी फडकं मारा.

एसएमपीएस_आण्णा

'इशारा' ची ओळ मात्र काढा. पिन उलटी जोडायचा मोह नव्या पोराला होतोच, आणि प्रत्येक कॅमेऱ्यात संरक्षक डायोड असतोच असं नाही. सगळं इलेक्ट्रॉनिक्स धुरावर चालतं, धूर बाहेर पडला की माल बंद, हा सिद्धांत प्रत्यक्ष करून दाखवायची गरज नाही. त्याऐवजी लिहा: 'मधली पिन पॉझिटिव्ह. मीटरवर उणे दिसल्यास जोडू नये.'

२३० व्होल्ट, फायर अलार्म आणि गिऱ्हाइकाच्या घरात लागलेला सायरन या तिन्हींवर विनोद नको. पत्रकावर खऱ्या कंपनीचं नाव किंवा आयएसआयची खूणही नको, कुणीतरी फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवतंच.

रंकाळा_नाइटव्हिजन

आण्णा, 'इशारा' काढला. डब्याला २२० के घेतला, दुकानात ट्यूब एकच आहे. पीआयआरसाठी (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरसाठी) 'भूतमापक' अशी जोडपुरवणी काढायचा विचार आहे. भूत थंड असतं म्हणून पीआयआरला दिसत नाही, एवढं पुरेल का?

बीसी५४७_पाटील

अर्धंच पुरेल. पीआयआर फरकावर चालतो. आत दोन घटक उलटे जोडलेले असतात, दोघांवर एकदम सारखी उष्णता पडली तर उत्तर शून्य. भिंतीपेक्षा थंड भूत आडवं गेलं तर दिसायलाच पाहिजे. सरळ सेन्सरकडं चालत आलं तर उशिरा दिसेल, काचेपलीकडून गेलं तर दिसणारच नाही, कारण माणसाची ९-१० मायक्रॉनची उष्णता खिडकीची काच अडवते. तेव्हा पत्रकात 'भूत आडवे चालवून तपासावे' असं लिहा, सेन्सर २.२ मीटर उंचीवर, उन्हाच्या खिडकीकडं तोंड न करता. आणि 'लेन्सवर पाल बसल्यास भूत समजू नये' ही ओळ ठळक.