मदत हवी आहे: सी-306 आणि लोक-1 या गव्हाच्या वाणांच्या संकरातून कोणती कुळे (एकेका रोपाच्या बियांपासून वाढलेली संतती) निवडावीत?

देपालपूरकर: सी-306 आणि लोक-1 यांच्या संकराची तिसरी पिढी मी इंदूरजवळच्या शेतात लावली आहे. काही कुळे लवकर पिकून त्यांचे दाणे टपोरे भरले आहेत, तर काही उंच कुळे अजून हिरवी असून त्यांचा दाणा बारीक वाटतो. कमी पाण्यावर तग धरणारा गहू हवा असल्यास कोणती ठेवावीत? कापणी तोंडावर आली आहे, तेव्हा नेमके उत्तर द्यावे.

रेवाकाठ: जमीन, पेरणीची वेळ, पाण्याच्या पाळ्या यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही, मग नेमके उत्तर कोण देणार?

देपालपूरकर: जमीन अर्थातच खोल काळी आहे. पेरणी ऑक्टोबरअखेरीस ओलीवर केली आणि मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी येणारी मुळे) फुटताना एकच पाणी दिले.

रेवाकाठ: मग लवकर पिकलेल्या कुळांनी दुष्काळ सोसला असे म्हणता येणार नाही, ओल संपण्यापूर्वीच ती निसटली. तो लोक-1 चा गुण आहे, आणि माळव्यात तोही कामाचा असल्याने ही कुळे टाकू नयेत.

कोरडवाहू: माझ्या अनुभवाने खरी परीक्षा पेरणीतच होते. बुटक्या वाणांतील ठेंगूपणाची जनुके अंकुराचे आवरणही आखूड करतात, त्यामुळे वरची माती सुकल्यावर खोल पेरलेले बी उगवत नाही. पुढील हंगामात बी 10 सेंटिमीटर खोल पेरावे आणि जी कुळे उगवतील तीच ठेवावीत.

रेवाकाठ: त्याने उगवण कळेल, फेब्रुवारीतील पाण्याचा ताण नव्हे. ओंबी निघाल्यावर निरभ्र दुपारी अवरक्त तापमापकाने पिकाचे तापमान मोजावे. शेजाऱ्यांपेक्षा थंड राहणाऱ्या कुळाची मुळे बहुधा खालच्या ओलीपर्यंत पोहोचलेली असतात.

कोरडवाहू: जे उगवलेच नाही, त्याचे तापमान आपण कशाचे मोजणार?

नवे बियाणे: एवढा खटाटोप कशासाठी? अर्जेंटिनाने 2020 साली दुष्काळ सोसण्यासाठी सूर्यफुलाचे जनुक घातलेल्या एचबी-4 गव्हाला मान्यता दिली आहे, तेच बियाणे मागवावे.

देपालपूरकर: मी निवडीविषयी विचारले आहे, खरेदीविषयी नाही.

शेतबांध: मुख्य गोष्ट सर्वांच्याच नजरेतून सुटली आहे. सी-306 आणि लोक-1 हे दोन्ही वाण तांबेरा या बुरशीजन्य रोगाला बळी पडतात, म्हणून दुष्काळाचा विचार करण्याआधी खोड पाहावे. त्यावर लांबट, फाटल्यासारखे फोड असतील आणि बोट फिरवताच विटकरी भुकटी लागत असेल, तर ते कूळ दाणा कितीही टपोरा असला तरी ठेवू नये. उरलेल्या प्रत्येक कुळाचे बी वेगळे मळावे आणि पुढील हंगामात त्याचे दोन भाग करून एक ओलितावर, दुसरा पूर्णपणे कोरडा घ्यावा. दोन्हींच्या शेजारी तुलनेसाठी इंदूरच्या गहू संशोधन केंद्राचा एचआय-1531 हा कमी पाण्यावर येणारा वाण लावावा. पुढे तांबेरा-प्रतिकारासाठी तिसरा पालक घ्यावाच लागेल.

देपालपूरकर: उंच कुळांपैकी काहींच्या खोडावर अशी भुकटी आहे, ती वगळतो. एचआय-1531 चे थोडे बी इंदूरमध्ये कोणाकडे मिळेल काय?