पळसाची फुले छायाचित्रात नुसता केशरी गोळा का दिसतात?

साकोलीकर:
साकोली तालुक्यातील आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर पळसाची पंधरा-वीस झाडे आहेत. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ती फुलली, की पळसमैना, बुलबुल, कोतवाल आणि शिंजीर मकरंदासाठी त्यांवर उतरतात आणि त्याच सुमारास हिवाळ्याला आलेले पट्टकदंब हंस परतीच्या तयारीला लागलेले असतात, त्यामुळे हे दोन्ही टिपण्यासाठी जेमतेम दोन-तीन आठवडे हाती लागतात. माझ्याकडे जुना कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. शेतीची कामे आटोपून मी नऊ-साडेनऊला तलावावर पोहोचतो. फुलांमध्ये पाकळ्या वेगळ्या न दिसता केवळ केशरी गोळा येतो आणि हंस तर ट्रायपॉड लावूनही धूसर येतात. नवी लेन्स घ्यावी, की दोष माझ्या पद्धतीत आहे?

पवनीचा छायाचित्रकार:
कृपया लेन्सवर पैसे घालवू नका. पळसाच्या पाकळीतून येणाऱ्या प्रकाशात लाल रंगाचे प्रमाण फार मोठे असते. एकूण उजेड योग्य आहे असे कॅमेऱ्याला वाटत असतानाच त्यातला लाल घटक भरून वाहू लागतो आणि मग पाकळीवरच्या शिरा, तिची लव, चोचीसारखा बाक हे सारे पुसले जाते. एकत्रित हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखात) हे दिसत नाही, म्हणून तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम पाहण्याची सवय लावा. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), छायाचित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घ्या आणि रंग भडक करणारी 'व्हिव्हिड' सेटिंग बंद करा. फुलाच्या देठाकडचा काळपट मखमली पेला हा पळसाचा खरा दागिना आहे; ऊन कोवळे आणि तिरपे असले, की त्याच्यामुळे केशरी रंगाला उठाव येतो.

अर्जुनी मोरगाववाली:
हंसांचे दुखणे निराळे आहे. धान निघाल्यावर रिकाम्या पडलेल्या बांध्या आणि तलावाचा उघडा पडलेला काठ नऊनंतर तापू लागतो, हवेचे थर हलू लागतात आणि दोनशे मीटरवरचा पक्षी त्या हलत्या हवेतून टिपला, की लाखाची लेन्ससुद्धा हात टेकते. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, आणि खरे काम पुढच्या तासा-दीड तासातच होते. हे हंस पुष्कळदा रात्री शेतांत चरतात आणि उजाडता उजाडता पाण्यावर परततात, म्हणून ते परतण्याआधीच पाळीवरच्या बेशरमच्या झुडपाआड, कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणून बसावे. उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या सोळाशेव्या भागापर्यंत न्या. डोंग्यातून जवळ जाण्याचा मोह मात्र टाळा, कारण हिमालय ओलांडायला निघालेल्या थव्याला वारंवार उठवणे म्हणजे त्याने साठवलेली चरबी आपल्या हौसेपायी जाळणे होय.

पवनीकरांच्या एका सल्ल्याशी मी सहमत नाही. फुलांसाठी एक स्टॉप कमी करणे योग्यच, परंतु त्याच फांदीवर कोतवाल बसला असेल तर तो आधीच काळा, त्यात उजेड कमी, म्हणजे डोळासुद्धा दिसत नाही. पक्षी मुख्य असेल तेव्हा सूर्य पाठीशी घ्या आणि एक-तृतीयांश स्टॉपपेक्षा जास्त कमी करू नका. शिवाय पूर्ण बहरलेले झाड सोडून द्या. निम्म्या फांद्या अजून उघड्या आहेत असे बुटके झाड धरले, की पक्षी मोकळा दिसतो.

नागझिऱ्याच्या वाटेवरचा:
पळस ओसरल्यावर मोहाच्या झाडांकडे वळाल, म्हणून एवढेच सांगतो. मोहफुलांवर अस्वल येते, आणि तेही नेमके पहाटे, आपल्याला हव्या असलेल्या उजेडात. फुले वेचणाऱ्या बायाबापड्या टोळीने जातात. आपणही त्यांच्या सोबतीनेच जावे. झाडाखालचा पाला जळताना दिसला तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी वनरक्षकाला कळवावे.

साकोलीकर:
परवा व काल सहाला पाळीवर जाऊन बसलो. हंसांच्या डोक्यावरच्या दोन्ही काळ्या पट्ट्या प्रथमच स्वच्छ आल्या, आणि लेन्स तीच आहे. पळसाच्या पाकळ्याही सुटल्या. कोतवालाचा डोळा मात्र तेवढा राहिला. पाळीच्या पूर्वेला एक बुटका पळस आहे, उद्या तिथे बसून पाहतो.