घारापुरीला ग्रामपंचायत आणि एका संस्थेसोबत इंटर्नशिप: आधी कुणी केली आहे का?

शेवटची लोकल

एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात आम्हाला चार श्रेयांकांचं ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) आहे, म्हणजे 120 तास. वर्गातल्या बहुतेकांनी घराजवळची ऑफिसं धरली. मला सरांनी विचारलं, "घारापुरीला जाशील का? तिथे बचत गटांबरोबर काम करणारी एक संस्था आहे, ग्रामपंचायतीलाही हाताखाली माणूस हवंय." मी हो म्हणून बसले.

खरं सांगायचं तर घारापुरी बेट, म्हणजे एलिफंटा, माझ्यासाठी फक्त सहावीतली सहल. त्रिमूर्तीपुढे काढलेला वर्गाचा फोटो आणि माकडाने हातातून ओढून नेलेली फ्रुटी. तिथे तीन गावं आहेत, ग्रामपंचायत आहे, माणसं घरपट्टी भरतात, हे आत्ता आठवड्यापूर्वी कळलं.

राहते डोंबिवलीला. मार्च-एप्रिल, आठवड्यातून तीन दिवस जायचं ठरतंय. संस्थेने काम दिलंय "कुटुंब सर्वेक्षण व कचरा जनजागृती". मानधनाचं कुणी बोलत नाही आणि विचारायला मला लाज वाटते. डिसेंबर 2024 च्या बोट अपघातापासून आई बोटीचं नाव काढू देत नाही, तो वेगळाच विषय.

तर कुणी गेलंय का? कोणते दिवस धरू? सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा लोक मोकळे असतील असा माझा अंदाज आहे. आणि सर्वेक्षणाचा अशा ठिकाणी खरंच काही उपयोग होतो का?

फाइलवाला

मानधनापुरतं लिहितो. कुणीतरी तुम्हाला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुचवेलच. ती 2024 मध्ये आली. बारावी पास असेल तर महिना 6000, आयटीआय किंवा पदविका असेल तर 8000, पदवीधराला 10000. पण ज्यांचं शिक्षण चालू आहे त्यांना ती लागू नाही, त्यामुळे तो नाद सोडा. संस्थेकडे निदान बोटभाडं मागा. लाजू नका. त्यांनी त्यांच्या देणगीदाराला "स्थानिक प्रवास" या नावाखाली रक्कम दाखवलेली असते, हे वीस वर्षं हिशेब तपासलेला माणूस सांगतोय.

दुसरं, कॉलेजचं पत्र घेताना ते उरण पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे घ्या आणि प्रत ग्रामपंचायतीला द्या. बेट मुंबईच्या तोंडासमोर असलं तरी जिल्हा रायगड आणि तालुका उरण.

पाणकोंबडी

शेवटची लोकल, तुझा धागा वाचून हसू आलं आणि थोडं पोटातही कालवलं. मी 2016-17 ला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या) क्षेत्रकार्यासाठी वर्षभर तिथे जात होते, आठवड्याला दोन दिवस. तेव्हा बेटावर वीज नव्हती. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून ती आली फेब्रुवारी 2018 मध्ये. आमच्या वेळी संध्याकाळी तीनेक तास जनरेटर. बॅटरी संपली की लॅपटॉप म्हणजे जड पाटी, म्हणून मी सगळं वहीत लिहायची आणि घरी येऊन टाइप करायची.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. फोनवर सांगितलं होतं, "मोराला ये, तिथे बचत गटाची बैठक आहे." मी मोठ्या रुबाबात भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडली. उतरले ती उरणच्या मोऱ्याला! त्यांना म्हणायचं होतं बेटावरचं मोराबंदर. तिथून परत मुंबई, मग गेटवे, मग घारापुरी. पोचले तेव्हा बैठक संपून तासभर झाला होता. त्या बायकांनी मला वर्षभर "मोऱ्याची मॅडम" म्हणून हाक मारली. नावं पाठ कर: शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. धक्क्यावरून लेण्यांकडे जाताना लागतं ते शेतबंदर. तेवढं बघून बेट पाहिलं असं समजू नकोस.

आता सोमवार. मीही तुझ्यासारखंच समजले होते. लेणी बंद म्हणजे दुकानं बंद, म्हणजे बायका रिकाम्या. तीन सोमवार गेले आणि तिन्ही वेळा भेटल्या म्हाताऱ्या आणि कोंबड्या. अगं, सोमवार हाच त्यांचा बेटाबाहेरच्या कामांचा दिवस. दुकानाचा माल आणायचा, बँकेत जायचं, डॉक्टरला दाखवायचं, तहसिलात दाखला काढायचा, माहेरी तोंड दाखवायचं, सगळं सोमवारी. बाकी सहा दिवस पर्यटक असतात तोवर कुणी पायरीवरचं दुकान सोडून तुझ्याशी बोलणार नाही, आणि का सोडावं? संध्याकाळी शेवटची बोट गेली की त्या मोकळ्या होतात, पण त्याच बोटीने तुलाही निघायचं असतं. पर्यटकांना रात्री राहता येत नाही. कामासाठी कुणाच्या घरी थांबायचं असेल तर ग्रामपंचायतीला आधी विचार आणि त्यांच्या माहितीतच थांब. मी महिन्यातून एकदा थांबायची. खरं काम त्या एका संध्याकाळी व्हायचं, आठवडाभर जे झालं नाही ते.

सर्वेक्षण. माझ्याकडे चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली होती. तिसऱ्याच घरी एका मावशींनी माझ्या हातून पेन काढून घेतलं. म्हणाल्या, "तू विचारू नको, मीच सांगते. माणसं पाच, संडास आहे, गॅस आहे, नवरा बोटीवर, पोरगा जेएनपीटी बंदरात कंत्राटावर. झालं? आता तू सांग, मागच्या वर्षीच्या पोरींनी हेच लिहून नेलं, त्याचं काय झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉलेजात येऊन शोधलं. त्या पोरींचा अहवाल विभागाच्या कपाटात होता, कडक पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. त्याच्या आधीच्या तीन वर्षांचेही होते, एकावर एक. मी सगळ्यांतले फक्त तक्ते झेरॉक्स केले (घरोघरची नावं असलेली पानं नाही) आणि मावशींच्या दुकानात नेऊन ठेवले. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि दोन आकडे चुकीचे आहेत म्हणून दाखवलेही. त्यानंतर त्यांनी मला चहा दिला. त्याआधी नाही.

मग मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि एकच विचारत सुटले: तुमचा दिवस कशाने बुडतो? सात-आठ जणींचं उत्तर थोड्याफार फरकाने एकच, झेरॉक्स. डोंबिवलीत एखादा कागद कमी पडला तर आपण कोपऱ्यावर जाऊन येतो. त्यांना उरणच्या खिडकीवर "आधारची प्रत नाही, उद्या या" ऐकलं की पुढचा सोमवार उजाडावा लागतो, नाहीतर धंद्याचा दिवस घालवून परत बोट. एका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एकीचे तीन दिवस गेले होते.

म्हणून मी आणि एका बचत गटाच्या सचिव ताईंनी मिळून एक पान केलं. कुठल्या दाखल्याला काय काय लागतं, किती प्रती, कुठला शिक्का बेटावरच मिळतो, कुठल्यासाठी बाहेर जावंच लागतं. ते लॅमिनेट करून तिन्ही गावांत लावलं. ग्रामपंचायतीसाठी नमुना 8 च्या, म्हणजे घरांच्या आकारणीच्या, नोंदी टाइप करून दिल्या. अत्यंत कंटाळवाणं काम. पण मुलाखतींत जे कळलं नाही ते त्यातून कळलं: कुणाचं घर कुणाच्या नावावर, कोण बाहेरगावी गेलं, बायकोचं नाव कुठे लागलंय आणि कुठे नाही. अर्थात ते बाहेर बोलायचं नसतं.

संस्थेला हे सगळं आवडलं नाही. त्यांना बॅनर धरलेल्या बायकांचे फोटो हवे होते. नाव घेत नाही, आता ती संस्था तिथे नाहीही. कचरा जनजागृतीबद्दल एवढंच, की बाटल्या आणतो पर्यटक, उरलेलं आणते भरती, आणि जनजागृती करायची कुणाची, तर झाडू हातात असलेल्या बायकांची! करायचीच असेल तर गेटवेला रांगेत उभ्या असलेल्यांची कर.

उत्तरवारा

पाणकोंबडींचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर शिकायला होतो, स्ट्रॉमनेसला हेरियट-वॉट विद्यापीठाचा छोटा परिसर आहे तिथे. सुट्टीत एका छोट्या बेटाच्या विकास ट्रस्टसाठी काम केलं. तिथे अशा काही ट्रस्टांच्या मालकीच्या पवनचक्क्या आहेत, वीज विकून आलेला पैसा गावाच्या कामाला लागतो. मला त्यातून रीतसर पगार मिळाला, त्यामुळे मागायची लाज वगैरे प्रश्नच आला नाही.

बाकी चित्र ओळखीचं. फेरी बंद तर बैठक बंद. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमान दोन मिनिटांच्या आत उतरतं, घाटकोपरहून विद्याविहारसुद्धा इतक्या लवकर येत नाही, पण वारा सुटला की तेही नाही. एक गोष्ट मात्र हेवा वाटण्यासारखी. 2018 च्या स्कॉटलंडच्या बेट कायद्यामुळे सरकारी यंत्रणांना नवं धोरण आणताना त्याचा बेटांवर वेगळा परिणाम होतो का, हे तपासावं लागतं. "उद्या या" म्हणजे बेटावरच्या माणसाला काय पडतं, हे तिथे निदान कागदावर विचारलं जातं.

शेतबंदरचा

ताई, मी बेटावरचाच. आईचं पायऱ्यांवर दुकान आहे. पाणकोंबडी मॅडमचं ते पान मला आठवतं, मी तेव्हा शाळेत होतो. वाऱ्या-पावसाने पार पांढरं झालं, पण बरेच दिवस होतं.

एक बोलायचं होतं. राग मानू नका. दरवर्षी बाहेरून विद्यार्थी येतात, आम्ही त्यांना वाट दाखवतो, घरं दाखवतो, नावं सांगतो. त्यांना त्याचे मार्क मिळतात. आमच्या पोरांनाही कॉलेजात हेच ओजेटी लागतं आणि ते करायला ती पनवेल, वाशी कुठेकुठे जातात. माझी बहीण उरणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, तिचंही अजून ठरलेलं नाही. तिला नमुना 8 शिकायला मिळालं तर तुम्ही गेल्यावरही ते ज्ञान इथेच राहील. तुमच्या पत्रात दोघींची नावं टाकता येतात का, ते सरांना विचारा.

आईला तुमचा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या पोरीला सांग, खाऊ हातात धरून चढू नको."

शेवटची लोकल

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण फोनाफोनी चालू होती.

सर दोन नावांच्या पत्राला तयार आहेत, फक्त तिच्या कॉलेजचंही पत्र लागेल म्हणाले. शेतबंदरचा, बहिणीला माझा निरोप दे, तू तिचा नंबर इथे टाकू नकोस, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. संस्थेच्या ताईंना मी सांगितलं, की सर्वेक्षणाऐवजी आधी जुने अहवाल गोळा करून आणते. थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "फोटो तरी काढशील ना?" काढीन. बोटभाडं द्यायला कबूल झाल्या, फाइलवाला काका, तुमचं "स्थानिक प्रवास" हे दोन शब्द जसेच्या तसे वापरले. समोरून हसल्याचा आवाज आला.

ते दाखल्यांचं पान नव्याने करायचं ठरवतेय. आता बरंच ऑनलाइन झालंय, त्यामुळे कशासाठी बोट धरावीच लागते आणि कशासाठी नाही, हे पुन्हा विचारावं लागेल. 1 मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवता आलं तर बघते, चुका तिथेच कळतील.

आईची अट आहे, लाइफ जॅकेट घालून बोटीतला फोटो रोज पाठवायचा. बुधवारी पहिल्यांदा जातेय, मोराबंदरला.

शेतबंदरचा

भाऊच्या धक्क्यावर जाऊ नका. गेटवे. बहीण इकडे बेटाच्या धक्क्यावर उभी असेल.