मदत हवी आहे: सात वर्षांच्या मुलाला 'ओडीडी' सांगितलंय, टाइमआउटने उलट राग वाढतोय

मुलगा ७ वर्षांचा. आठ महिने रोज वाद, मुद्दाम चिडवणं, 'तुझ्यामुळेच झालं' हे ठरलेलं. शाळेतही तक्रार आहे. बालमानसोपचारतज्ज्ञांनी ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर (ओडीडी, म्हणजे सतत विरोध करण्याचा, मोठ्यांचं न ऐकण्याचा विकार) म्हटलंय. औषध दिलं नाही, पालक-प्रशिक्षण सुचवलंय, पण ते महिन्याभराने सुरू होईल. टाइमआउट (ऐकलं नाही की काही मिनिटं खुर्चीत एकटं बसवणं) पाच दिवस केला, आरडाओरडा दुप्पट झाला म्हणून सोडला. हा साधा हट्टीपणा नाही हे कशावरून? टाइमआउट कुठे चुकला? आणि औषधाशिवाय भागेल का?

अर्धविराम:
निदानाचं थोडक्यात. डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) ओडीडीची आठ लक्षणं आहेत, त्यातली किमान चार सहा महिने दिसायला हवीत, आणि तीही फक्त भावंडांशी नाही. पाच वर्षांवरच्या मुलात आठवड्यातून एकदा तरी. घर आणि शाळा दोन्हीकडे त्रास असेल तर तीव्रता 'मध्यम' धरतात. कंडक्ट डिसऑर्डर वेगळा: मारामाऱ्या, चोरी, नासधूस, प्राण्यांना इजा. ऐकू येणं, झोप, वाचन-लेखनातली अडचण आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) तपासून घेतलंय ना? अक्षरं जुळत नाहीत म्हणून वही फेकणारं मूल वरवर उद्धटच दिसतं.

कडेलोट:
टाइमआउट चुकला नव्हता, चुकीच्या दिवशी थांबला. आजवर ओरडल्यावर जे मिळत होतं ते बंद झालं की मूल आधी आवाज वाढवून बघतं. नेमक्या त्या टोकाला तुम्ही माघार घेतलीत, म्हणजे 'एवढ्या जोरात ओरडलं की सुटका' हे पक्कं झालं. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी हेच चक्र मांडलं होतं: मूल आवाज चढवतं, मोठे माघार घेतात, क्षणभर दोघांनाही बरं वाटतं आणि सवय घट्ट होते.

टॅब बंद करायचा आहे असं धरा. जवळ जा, एकच सूचना द्या: "टॅब टेबलावर ठेव." 'ठेवशील का?' नको, कारण प्रश्नाला 'नाही' हे उत्तर असतं. मनात पाच मोजा, गप्प राहा. (हे पाच सेकंद सगळ्यात अवघड, बहुतेक जण दुसऱ्याच सेकंदाला पुन्हा बोलतात.) ठेवला तर लगेच नेमकं कौतुक: "सांगितल्याबरोबर ठेवलास, छान." नाही ठेवला तर एकदाच इशारा, मग खुर्ची. तीन ते पाच मिनिटं पुरे, शेवटचे काही सेकंद शांत हवेत. त्या वेळात समजावणं, रागावणं काही नको. उठल्यावर तीच सूचना पुन्हा द्या. ही पायरी गाळली तर खुर्ची म्हणजे काम टाळायची सोय होते. अंधारी किंवा कडी लावलेली खोली अजिबात नको.

पण हे आज सुरू करू नका. आधी दोन आठवडे रोज ५ मिनिटं त्याच्या मर्जीचा खेळ: प्रश्न, हुकूम, टीका बंद, तो करतोय त्याचं फक्त वर्णन आणि कौतुक. ज्या घरात मुलाला चांगलं लक्ष मिळतच नाही, तिथे लक्ष काढून घेण्याला अर्थ उरत नाही. खुर्चीचे नियमही तो शांत असताना समजावून सराव करून घ्या.

धागाकर्ती:
खुर्चीवरून पळाला तर? आजी-आजोबा मध्ये पडतात तेव्हा?

कडेलोट:
पाठलाग, ओढाओढ नको. त्या दिवसापुरता स्क्रीन बंद, आठवडाभराचा नाही. दीर्घ शिक्षेत मुलाकडे गमवायला काही राहत नाही, मग ते ऐकेल कशाला? आजी-आजोबांना 'लाडावू नका' म्हणण्यापेक्षा कौतुकाचं काम द्या, टाइमआउट चालू असताना दुसऱ्या खोलीत बसू द्या.

अर्धविराम:
औषधाबद्दल: ओडीडीवर म्हणून औषध नाही. सोबत एडीएचडी असेल तर त्याच्या औषधाने वाद घालणंही बऱ्याचदा कमी होतं. रिस्पेरिडोन (मानसोपचारातलं एक औषध) फक्त तीव्र आक्रमकतेत, थोड्या काळासाठी, आणि वजन, रक्तातली साखर, चरबी तपासत. मात्र आग लावणं, हत्यार उचलणं, प्राण्यांचा छळ किंवा स्वतःला संपवण्याची भाषा दिसली, तर महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.